माळावरची मेढ

१९९२ च्या दिवाळीत मी आणि बुद्धघोष राजगड उतरताना वाट चुकलो. चुकलो तेही अगदी साग्रसंगीत. माझ्या खिशात होकायंत्र होतं, त्याच्या पिशवीत नकाशा होता, आणि दोघांत मिळून जेमतेम पेलाभर पाणी उरलं होतं. दिवसभर कारवीच्या झुडपांत धडपडल्यावर गवताचा भारा घेऊन निघालेल्या एका म्हातारीनं आम्हाला आपल्या मागून चालवत खाली आणलं. गावाच्या कडेला भारा टेकवून तिनं आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "शिकल्यालं दिसतासा?"

परतीच्या एसटीत बुद्धघोष यावर हसत राहिला. मला हसू आलं नाही. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. आमच्या खात्यात या पदाला रावसाहेब म्हणतात, आणि दिशा, अंतर, उतार ही आमची रोजची भाकरी. अशा माणसाला एका म्हातारीनं गड उतरवावा, हे माझ्या मनाला लागलं. माझा स्वभावच तसा. झालेली गोष्ट मोजून, तारीख घालून लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आता हे लिहितो आहे तेही त्याच खोडीनं. लिहून काही सुटेल अशी आशा मात्र नाही.

बुद्धघोष भवानीनगरला हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि अंथुर्ण्यात आईबरोबर राहायचा. वडील लहानपणीच गेलेले. आई रंगुबाई गावात बालवाडी चालवायची. मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून सरकारी खोलीत राहायचो आणि निम्मी जेवणं त्यांच्याकडेच करायचो. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला जोतीराम म्हणायची, बुद्धघोष जोत्या. बुद्धघोषाची उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला निवड झाली होती. मे महिन्यात जायचं होतं. तोवर आपल्याला उघड्यावर जगता आलं पाहिजे, पाणी शोधता आलं पाहिजे, दिशा ओळखता आली पाहिजे, असं त्यानं ठरवलं आणि मलाही त्यात ओढलं. पुण्याच्या कुणा गिर्यारोहकाकडून त्यानं सायक्लोस्टाइल केलेली चाळीस पानांची टिपणं मिळवली होती. शनिवार-रविवार आम्ही ती पानं घेऊन माळावर जायचो.

अंथुर्ण्याच्या उत्तरेला कालव्याचं पाणी जिथवर चढतं तिथवर ऊस, आणि त्याच्या वर माळ. कुसळी गवत, मुरूम, कुठं हिवर, कुठं तरवड. चिंकारा दिसायचे, क्वचित लांडगा. मोठं झाड असं नाहीच, त्यामुळे नजर कुठंही अडत नाही. नैर्ऋत्येला भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं माळाच्या कुठल्याही टोकावरून दिसतं. हरवायचं म्हटलं तरी हरवता येणार नाही अशी जागा म्हणूनच आम्ही ती निवडली होती.

पहिल्याच रविवारी आम्ही टिपणांतल्याप्रमाणे हातभर खड्डा खणला, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणला, मधोमध खडा ठेवला, खाली वाटी. जमिनीतला दमटपणा कागदाला लागून वाटीत ठिबकणार होता. सहा तासांनी वाटीत दोन चमचे पाणी जमलं. तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ सोनबाआबा घोंगडी खांद्यावर टाकून हा सगळा उद्योग बघत उभे होते.

"ह्या पान्यावर चिमणी बी जगायची न्हाय," आबा म्हणाले.

आमच्या घरातली मेंढरं आजोबांबरोबर गेली. वडिलांनी शेती धरली, मी नोकरी. आबांनी मात्र १९८० पर्यंत कळप राखला होता. वर्षातले आठ महिने ते या माळांवर काढायचे. त्यांना आम्ही गुरू केलं म्हणण्यापेक्षा त्यांनीच आम्हाला शिष्य करून घेतलं. कारण आमची फजिती बघण्यात त्यांचा वेळ छान जात होता.

शिकवणं असं काही नव्हतंच. आम्ही चालायचो आणि ते चुका काढायचे. पारवे सकाळी कुठल्या बाजूला सरळ, खालून उडत जातात ते बघा, पाणी तिकडं. ओघळीच्या वळणावर बाहेरच्या अंगाला खणा, आतल्या अंगाला नको. तहान लागल्यावर पाणी पिणारा माणूस उशीर झालेला माणूस. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून कापसावर ठिणगी धरायला मला पाच रविवार लागले, बुद्धघोषाला दोन. तो हाडाचा मास्तर होता. चूक झाली की स्वतःवरच खूश व्हायचा आणि ती पुन्हा करून बघायचा.

मार्चमध्ये एकदा आबांनी आम्हाला थांबवलं आणि काठी मुरमात टेकवून सांगितलं, "दोघं असाल तर एकानं मेढ व्हायाचं."

खळ्याच्या मधोमध जो खांब रोवतात आणि ज्याच्याभोवती बैल फिरतात, ती मेढ. आता आमच्याकडे मळणीयंत्रं आली आहेत, पण लहानपणी मी मेढीला बांधलेल्या बैलांमागं फिरलो आहे. आबांचं म्हणणं असं, की माळावर दोन मेंढक्यांपैकी एक पाणी बघायला किंवा चुकलेलं मेंढरू शोधायला निघाला की दुसऱ्यानं होता तिथं उभं राहायचं. गेलेल्यानं परत येऊन त्याला हात लावायचा. हात लागेपर्यंत त्यानं पाय उचलायचा नाही.

"हाका मारू दे, पडू दे, रडू दे. मेढीनं हलायचं न्हाय."

"पडला तरी?" मी विचारलं.

"पडला तरी. मेढ हलली की गेल्याला यायला जागा ऱ्हात न्हाय."

"आबा, जागा कुठं जाईल?" बुद्धघोष हसत म्हणाला. "माळ तर इथंच आहे."

आबांनी काठी उचलली आणि ते पुढे चालू लागले. मला मात्र नियम एकदम पटला. मोजणी करताना एक बिंदू पक्का धरावा लागतो. तो हलला की पुढची सगळी मापं वाया. मी वहीत लिहिलं : 'मेढ म्हणजे आपला मूळ बिंदू. उत्तम.' उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच असणार. मला नियमाचं कारण समजलं असं मी धरून चाललो, आणि आबांनी कारण सांगितलंच नव्हतं हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

१८ एप्रिल १९९३, रविवार. आबा लासुर्ण्याला लग्नाला गेले होते, दुपारी येतो म्हणाले होते. आम्ही साडेदहाला माळावर पोचलो. बुद्धघोषाची त्या दिवशी परीक्षा होती. त्यानं एकट्यानं उत्तरेला जायचं, खुणांवरून पाणी शोधायचं, खणायचं, बाटली भरून परत यायचं. मी मेढ. त्याच्याजवळ एक रिकामी बाटली आणि खुरपं. माझ्याजवळ पिशवी आणि भरलेली बाटली.

"उभ्या उभ्या झोपू नकोस, रावसाहेब," तो म्हणाला आणि निघाला. दहा पन्नासला. मी घड्याळ पाहिलं होतं.

एप्रिलचं ऊन आम्हाला नवं नव्हतं. मी टोपीखाली ओला रुमाल ठेवला आणि उभा राहिलो. तो चढावरून पलीकडे उतरला, दिसेनासा झाला. वारा पूर्ण पडला होता. गवत हलत नव्हतं. टिटवी ओरडायची तीही थांबली. मला आठवतं, दूरच्या रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता आणि मग तोही येईना.

पावणेबाराला तो चढावर आला. अंतर अंदाजे चारशे मीटर. हातात बाटली, आणि ती उन्हात चमकत होती, म्हणजे भरलेली होती. मला आनंद झाला. मी हात उंचावला, त्यानं हात उंचावला. तो माझ्याकडे चालू लागला.

बाराला पाच कमी असताना मी पुन्हा पाहिलं. तो चालत होता. जवळ आला नव्हता.

सपाटीवर ऊन तापलं की अंतराचा अंदाज चुकतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हात लांब करून अंगठ्याच्या नखाशी त्याची उंची ताडून पाहिली. निम्मं नख. दहा मिनिटांनी पुन्हा निम्मं नख. त्याचे पाय नीट पडत होते, रेंगाळत नव्हता, थांबत नव्हता. बारा वाजून वीस मिनिटांनी निम्मं नख.

मग तो ओरडला, "जोत्या, कुठं चाललास?"

शब्द न् शब्द स्पष्ट आला. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मी इथंच आहे!" मी ओरडलो. "उभा आहे!"

"अरे थांब की! कुठं चाललास?"

तो पळू लागला. तोंड माझ्याकडे, हात पुढे केलेले. पळता पळता पडला. उठला, पुन्हा पडला.

माझ्या जागी कुणीही असता तर काय केलं असतं, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारतो आहे. टिपणांच्या एकोणिसाव्या पानावर उष्माघाताची लक्षणं होती. पहिलं, माणूस असंबद्ध बोलतो. दुसरं, तोल जातो. त्यानंतर काही मिनिटांत दुसऱ्या कुणी अंगावर पाणी ओतलं नाही तर माणूस दगावतो. मीच ते वाक्य लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. माझ्याकडे दोन नियम होते, एक छापलेला आणि एक तोंडी. मी छापलेला धरला. बाटली घेतली, पिशवी खांद्याला मारली आणि धावलो.

आजवर मी हजारो खुंट्या रोवल्या आहेत. चहा प्यायला उठलो तरी खूण करून उठणारा माणूस मी. त्या दिवशी निघताना दगडावर दगडसुद्धा ठेवला नाही.

मी पावलं मोजत धावलो. शंभर. दोनशे. तो उठून उभा राहिला होता आणि माझ्याकडेच येत होता. चारशे. निम्मं नख. पाचशे पावलांवर एक ओघळ आडवी आली. मी तिच्यात उतरलो आणि पलीकडे चढलो. एवढाच वेळ नजर त्याच्यावरून हटली. चार सेकंद, फार तर पाच.

समोर कुणी नव्हतं.

"कुठं चाललास?"

आवाज मागून आला. मी वळलो. मी जिथून आलो होतो त्या बाजूला, चारशे मीटरवर, धुराड्याच्या रेषेत बुद्धघोष होता. तोंड माझ्याकडे. चालत येत होता.

मी उलटा धावलो. पुन्हा तेच झालं. किती वेळा झालं ते वहीत नाही, कारण वही काढायचं भान मला उरलं नव्हतं. मी लहान मुलासारखा रडत होतो आणि त्याचं नाव घेत होतो. शेवटी मी मूळ जागी जाऊन उभं राहायचं ठरवलं, आणि तेव्हा मला कळलं की मूळ जागा कुठली ते मला सांगता येत नाही. धुराडं दिसत होतं, चढ दिसत होता, पण त्या दोहोंत उभं राहण्याच्या हजार जागा होत्या. प्रत्येक जागी तेच गवत, तोच मुरूम.

एकनंतर वारा सुटला. त्यानंतर तो दिसला नाही.

आबा दोन वाजता आले. मला एकटा पाहून त्यांनी बुद्धघोष कुठं आहे असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तू कुठं उबा हुतास?"

मी हातानं एक मोघम गोल दाखवला. आबा खाली बसले. त्यांनी घोंगडी डोक्यावरून घेतली.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलिस आले, वनखात्याचे लोक आले, कारखान्याकडचे ऊसतोडणीवाले आले, अख्खं गाव आलं. तीन दिवस माळ विंचरून काढला. ओघळीच्या वळणावर बाहेरच्या अंगाला हातभर खणलेला खड्डा सापडला, तळाशी स्वच्छ पाणी. पाणी त्यानं बरोबर शोधलं होतं. बाकी काही सापडलं नाही, चप्पल नाही, बाटली नाही. चौथ्या दिवशी दुपारी वारा पडला आणि तो मला पुन्हा दिसला. मी फौजदारांना बोट करून दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मृगजळ आहे हो, रावसाहेब. घरी जाऊन पडा." त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

आबांना मात्र तो दिसत होता. आणि रंगुबाईला.

ती पाचव्या दिवशी माळावर आली. छत्री आणि पाण्याची कळशी घेऊन. मी तिला तोंड दाखवत नव्हतो. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बाराच्या सुमाराला तो दिसू लागला तेव्हा तिच्या हातातली छत्री खाली पडली, तेवढंच. आबा चाचरत म्हणाले, "वयनी, कोण जाणतं मानूस बघू का? काय उतारा…"

"आमच्यात उतारं न्हाईत, सोनबाआबा," ती म्हणाली. "माजं पोरगं त्ये काय, दिसतंय. चालतंय. मला काय बी नगं, त्येला हितं आणा."

त्याला आणायचं म्हणजे काय, हे मला त्या क्षणापासून आजतागायत कळलेलं नाही. पण मला जे येत होतं ते मी केलं. मी कचेरीतून चांगलं होकायंत्र आणलं. दोन माणसांनी दोन जागांवरून त्याची दिशा घेतली, तर दोन रेषा जिथं मिळतील तिथं तो असणार; थोड्या वेळानं पुन्हा घेतली की त्याच्या चालण्याची रेषा कळेल, आणि त्याच रेषेवर पुढे माझी हरवलेली जागा. हा हिशेब शाळेतलं पोरही सांगेल. मी एका टोकाला उभा राहिलो, तीनशे मीटरवर आबा उभे राहिले.

"कुणीकडं चाललाय, आबा?" मी ओरडून विचारलं.

"सरळ माज्याकडं!"

तो सरळ माझ्याकडे येत होता. त्याच्या सदऱ्याची दोन्ही खांद्यांची शिवण मला समोरून दिसत होती. आम्ही जागा बदलल्या. रंगुबाईला तिसऱ्या जागी उभं केलं. तिघांपैकी प्रत्येकाला वाटे, तो आपल्याचकडे येतोय. मी होकायंत्र मिटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. आतापर्यंत वाटत होतं ते दुःख होतं.

वर्षं गेली. तो रोज दिसत नाही. चैत्र-वैशाखात, वारा पडलेल्या दिवशी, बारा ते एकच्या मध्ये दिसतो. आबा १९९६ मध्ये गेले. माझी बदली इंदापूरला झाली. या वर्षापर्यंत उन्हाळ्यातला एकही रविवार मी चुकवला नाही. मी पंचवीस पंचवीस पावलांची चौकट आखून माळाचा नकाशा केला, आणि दर खेपेला नव्या चौकटीत उभा राहिलो. पाय न उचलता, तासभर. कुठलीतरी एक बरोबर असेल. जवळजवळ चारशे चौकटी आहेत. रजा-सुट्ट्या धरून वर्षातून दिवस मिळतात पंधरा-वीस.

रंगुबाई मात्र रोज जायची. बालवाडी सुटली की कळशी घेऊन माळ चढायची आणि एकाच जागी उभी राहायची. तिनं जागा कशी निवडली मी विचारलं नाही. मी तिला नियम सांगितला होता, हात लागेपर्यंत हलायचं नाही. ती बालवाडीच्या मुलांसारखी मान हलवून म्हणाली होती, "हां." त्या नियमावर तिचा विश्वास होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण उभं राहण्यात तिनं कधी कुचराई केली नाही. मला तिनं एका शब्दानंही दोष दिला नाही. तो दिला असता तर मी तिच्या समोर जरा सुखानं बसलो असतो.

या वर्षी, म्हणजे १९९९ च्या मे महिन्यात, कालव्याच्या उन्हाळी आवर्तनावरून वरिष्ठांनी रविवारी इंदापुरात बैठक लावली. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी पोचत नव्हतं, लोक चिडले होते, मला उठता येईना. सहा वर्षांत पहिला रविवार चुकला. बैठकीत बाराच्या ठोक्याला माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

पाचला सुटलो तो थेट अंथुर्ण्याची गाडी पकडली. रंगुबाई घरात होती. चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. मी दारात टेकलो.

"आज दिसला, मावशी?"

"दिसला न्हाय," ती म्हणाली. "आला."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"हितून त्या उंबऱ्याएवडा जवळ. म्हातारा झालाय, जोतीराम. माज्यापरीस म्हातारा. भुवया सुदिक पांढऱ्या. पर चाल बापाचीच."

"बोलला?"

"बोलला की. म्हनला, बाई, अंथुर्णं कुनीकडं ऱ्हायलं? मी म्हनलं, बाळा, मी तुजी आई. त्यानं माज्याकडं बगितलं. लई येळ बगितलं. मग त्या दुसऱ्याकडं बगितलं."

"दुसरा कोण?"

"संगं हुता. ह्येचा हात धरून चालवत हुता. आंधळ्याला धरावं तसा."

"कोण होता, मावशी?"

रंगुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तू."

मी म्हणालो, मी इंदापुरात होतो. बैठकीत होतो, पंचवीस माणसांसमोर. माझा आवाज चढला होता.

"आत्ताचा न्हवं. तवाचा तू. पोरगेला. तू त्येच्या कानात कायतरी बोललास, तसा त्यो म्हनला, ही न्हवं. आन् दोघं फिरलं."

"तू त्याला धरलं नाहीस? हाताएवढ्या अंतरावर होता तो!"

"मी मेढ हुते," ती म्हणाली. "मला पाय उचलायचा न्हवता. तूच सांगितलं हुतंस."

मी तोंड झाकून बसून राहिलो. बाहेर अंधारून आलं होतं. शेजारच्या घरातला टीव्ही लागला. थोड्या वेळानं तिनं जेवायला वाढलं. एरवी ती गरम भाकरी माझ्या हातावर ठेवायची. आज तिनं ताट जमिनीवर ठेवलं, बोटांनी माझ्यापुढं सारलं, आणि माझा हात तिच्या हाताला लागायच्या आत आपला हात मागं घेतला.